लढाऊ रोबॉटचा लगाम

कॉलेजात जाणारे मूल घरात असले, की दिवाळीच्या सुट्टीत गॅलरीत करवत, कानस आणि वायरींचा पसारा दिसावा, यात आता नवल राहिलेले नाही. विचारावे तर उत्तर मिळते, "रोबॉट करतोय. लढवायचाय!" पवईच्या आय.आय.टी.तील 'टेकफेस्ट'मध्ये रोबॉटच्या झुंजी होतात, इतर इंजिनिअरिंग कॉलेजांतही होतात. छंद उत्तम, पण खर्च बहुधा घरच्याच खिशातून होतो. आणि त्या खर्चातली सर्वांत फसवी वस्तू म्हणजे मोटारीचा वेग आवरणारा तळहाताएवढा बोर्ड, स्पीड कंट्रोलर. तो स्वस्तात आणि तरीही शहाणपणाने कसा निवडावा, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

या खेळाचा उगम मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतले मार्क थॉर्प नावाचे गृहस्थ १९९२ साली दूरनियंत्रणाने चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवण्याच्या खटपटीत होते. केर काढण्याचे काम बाजूला राहिले. पण चालत्या यंत्राला हत्यार लावून झुंजवावे, ही कल्पना त्यातून निघाली आणि १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिले 'रोबॉट वॉर्स' भरले. १९९८ पासून बी.बी.सी.ने त्याच नावाचा कार्यक्रम दाखवला आणि घरोघरची मुले स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसली.

लगाम म्हणजे काय?

मोटार बॅटरीला थेट जोडली, तर ती एकाच दिशेने आणि पूर्ण वेगाने धावते. कंट्रोलरमध्ये विजेचे चार दरवाजे असतात. त्यांची मांडणी इंग्रजी 'एच' अक्षरासारखी, म्हणून त्याला 'एच-ब्रिज' म्हणतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन उघडले, की मोटार सुलट फिरते. उरलेले दोन उघडले, की उलट. हेच दरवाजे सेकंदाला हजारो वेळा उघडमीट केले, की मोटारीला मिळणारी सरासरी वीज कमीजास्त होते आणि वेग हातात येतो. लढाऊ रोबॉटला बहुधा स्टिअरिंग नसते. रणगाड्याप्रमाणे डावीउजवीकडची चाके वेगळ्या गतीने फिरवून तो वळतो. म्हणून कंट्रोलर दोन तरी लागतात, किंवा दोन मोटारी सांभाळणारा एक.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबापाशी दुकानदाराला विचारलेत, तर तो प्रथम 'एल-२९८'चा बोर्ड पुढे करील. किंमत शे-दोनशे रुपये. खेळण्यातल्या गाडीला तो छान. पण त्याची मर्यादा एका मोटारीला २ अँपिअर. शिवाय त्यातले जुन्या धर्तीचे ट्रान्झिस्टर स्वतःच वीज खातात. २ अँपिअर वाहू लागले, की १२ व्होल्टांतले ५ व्होल्टपर्यंत बोर्डातच गडप होऊन त्यांची उष्णता होते. झुंजीला हा घोडा नव्हे.

डबीवरचा आकडा

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिच्या आठ किलोच्या रोबॉटसाठी ती दुसरा बोर्ड घेऊन आली, 'बीटीएस-७९६०'चा.

"मामा, पाचशेच्या आत मिळाला. वर ४३ अँपिअर लिहिलंय! आणखी काय हवं?"

"लिहिलंय खरं. पण किती वेळ, ते लिहिलंय का?"

मग आम्ही कागद-पेन्सिल घेतली. या बोर्डात मॉस्फेट असतात. त्यांचा विरोध फार कमी, विजेच्या वाटेत सुमारे १६ मिलिओहम. विजेच्या प्रवाहाचा वर्ग करून विरोधाने गुणले, की उष्णता निघते. ८ अँपिअरला ती जेमतेम १ वॅट. २० अँपिअरला साडेसहा वॅट. आणि ४३ अँपिअरला? जवळजवळ ३० वॅट! सोल्डरिंगची लहान इस्त्री तेवढ्याच वॅटची असते. काड्यापेटीएवढ्या हीट-सिंकने ती उष्णता कितीशी झेलावी? ४३ हा आकडा खोटा नाही. तो चिप स्वतःला वाचवण्यासाठी प्रवाह रोखू लागते त्या सुमाराचा आहे. सतत पेलण्याचा तो आकडाच नव्हे.

मग मोटारीला हवे तरी किती? हे विकत घेण्याआधी घरीच मोजता येते. मोटारीचा दांडा व्हाइसमध्ये घट्ट धरायचा आणि तिला १.२ व्होल्टचा एकच रिचार्जेबल सेल क्षणभर जोडायचा. भाचीच्या मोटारीने सुमारे २ अँपिअर घेतले. म्हणजे विरोध ०.६ ओहम, आणि १२ व्होल्टांवर मोटार अडकून पडली तर २० अँपिअर. यालाच 'स्टॉल करंट' म्हणतात. येथपर्यंत पुष्कळ मुले पोहोचतात आणि घाबरून महागडा कंट्रोलर घेतात.

पण हिशेब येथे संपत नाही. चाकाची पकड सुटली, की ते जागच्या जागी घसरू लागते; मोटार अडकत नाही आणि प्रवाह त्यापुढे चढत नाही. म्हणून आम्ही रोबॉट, त्याचे सारे वजन घालून, भिंतीला टेकवला, मोटारीच्या वायरीत फ्यूज घातला आणि बॅटरी क्षणभर थेट जोडली. चाके घसरू लागली तेव्हा क्लँप मीटरने दाखवले ८ अँपिअर. (मीटर डी.सी. मोजणारा हवा, साधा घरगुती क्लँप मीटर नुसता ए.सी. मोजतो.) म्हणजे भाचीला हवा होता सतत १० अँपिअर देणारा आणि काही सेकंद २० अँपिअर झेलणारा कंट्रोलर. असा दोन मोटारींचा तयार बोर्ड दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो. महागडा नको, आणि ४३ च्या आकड्यावर विसंबणेही नको.

स्वस्तातले छुपे खर्च

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, रेडिओ रिसीव्हरची भाषा बोर्डाला कळते का? वरच्या दोन्ही स्वस्त बोर्डांना ती कळत नाही. मध्ये आर्डुइनो बसवून प्रोग्रॅम लिहावा लागतो, म्हणजे किंमत वाढली आणि धक्क्याने सुटणारे जोडही वाढले. दुसरी, खेळण्यातल्या शर्यतीच्या गाड्यांचे कंट्रोलर स्वस्त आणि भल्यामोठ्या आकड्यांचे असतात. पण त्यांतले पुष्कळसे उलट जाण्यापूर्वी आधी ब्रेक लावतात. रणगाड्यासारखे झटकन वळू पाहणाऱ्या रोबॉटला ते घातक. तिसरी, पूर्ण वेगात असता एकदम उलट दिशा दिली, तर फिरती मोटार स्वतःच वीज निर्माण करून बॅटरीला मिळते आणि प्रवाह क्षणभर स्टॉलच्याही दुपटीजवळ जातो. म्हणून प्रवाहाला आपोआप मर्यादा घालणारा बोर्ड थोडा महाग असला तरी तोच घ्यावा.

आता पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. मॉस्फेट जळला, की तो बहुधा बंद न पडता कायमचा उघडा दरवाजा होतो. मग रिमोट काहीही सांगो, वीज मोटारीकडे जातच राहते. चाकाचे ठीक, पण त्या मोटारीवर हत्याराचे पाते असेल तर? म्हणून सहज उपसता येईल असा सेफ्टी लिंक बॅटरीच्या वाटेत हवाच. रिमोटचा संबंध तुटताच सारे थांबवणारा 'फेलसेफ' रिमोट बंद करून दर वेळी तपासावा. घरी चाचणी घेताना रोबॉट ठोकळ्यावर उचलून ठेवावा, चाके अधांतरी हवीत आणि पाते उतरवलेले हवे. लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून कोणी घराबाहेर जाऊ नये.

झुंज साधारण तीन मिनिटांची असते. त्यासाठी मुले महिनोन् महिने खपतात. आणि दोनशे रुपयांच्या बोर्डातून पहिल्याच मिनिटाला धूर निघाला, की ते सारे श्रम रिंगणात निपचित पडतात. तेव्हा चिरंजीव किंवा कन्या पैसे मागायला आली, तर "केवढ्याला?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "भिंतीला टेकवून किती अँपिअर आले?" उत्तर तयार असेल, तर पैसे खुशाल द्या.