गाडी थांबते म्हणून: कुंडल रोड आणि शेणोलीची गोष्ट

पुणे–मिरज रेल्वेमार्ग सुमारे 280 किलोमीटरचा. कराड मागे पडले की शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, आमणापूर, भिलवडी अशी छोटी स्थानके एकामागून एक येतात. एक्स्प्रेसमधल्या प्रवाशाला उसाच्या फडांमधून पळणारी पिवळी पाटी दिसते, तेवढेच. पण कृष्णाकाठचा गेल्या शतकाचा इतिहास सांगायचा, तर याच पाट्यांपाशी उतरावे लागते.

किर्लोस्करवाडीच्या स्थानकाचे आधीचे नाव कुंडल रोड. कुंडल गाव औंध संस्थानातले. आजूबाजूला माळरान, निवडुंग आणि साप. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी होती. कारखाना हलवायचा कुठे, या पेचात असताना औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना इथे जागा देऊ केली. 1910 साली त्या माळावर वाडी वसू लागली. लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे इथे तयार होऊ लागली. लोखंड आत आणायचे, तयार माल बाहेर पाठवायचा, तर दाराशी रेल्वे हवी. ती होती म्हणून उजाड माळावरही कारखाना उभा राहू शकला. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिकही याच वाडीतले. पुढे वाडीचेच नाव स्थानकाला मिळाले.

शेणोलीचे महत्त्व वेगळे. 7 जून 1943 रोजी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या इंग्रजविरोधी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली आणि ती रक्कम ताब्यात घेतली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड यांनी या मोहिमेचे नेतृत्व केले. दोघेही कुंडलचे. इंग्रजांनी जनतेकडून नेलेला पैसा जनतेकडे परत आणला, अशी या सैनिकांची अखेरपर्यंत भूमिका होती. प्रतिसरकारच्या आठवणी या पट्ट्यात आजही घराघरांत सांगितल्या जातात.

अशा स्थानकांचे मोल तिकीटविक्रीच्या आकड्यांत मावत नाही. तरीही आज हिशेब होतो तो त्याच आकड्यांवर. भारतीय रेल्वेत सर्वांत लहान थांब्याला ‘हॉल्ट’ म्हणतात. अनेक हॉल्टवर रेल्वेचा कर्मचारी नसतो. कमिशनवर नेमलेला एजंट तिकिटे विकतो. विदर्भातल्या मूर्तिजापूर–यवतमाळच्या ‘शकुंतला’वर तर गाडीचा गार्डच तिकिटे देत असे. जपानमध्ये आज जवळपास निम्म्या स्थानकांवर कर्मचारी नाहीत. ग्रामीण मार्गांवर प्रवासी डब्यात चढताना क्रमांकाची चिठ्ठी घेतो आणि उतरताना चालकाजवळच्या पेटीत भाडे टाकतो. स्थानकात माणूस नाही, पण गाडी थांबते. तिथल्याच होक्काइडो बेटावरचे क्यू-शिराताकी स्थानक मार्च 2016 मध्ये बंद झाले. तिथून शाळेला जाणाऱ्या एका विद्यार्थिनीचे शिक्षण त्याच महिन्यात संपले होते.

खर्च कमी करायला हरकत नाही. खिडकीवरचा माणूस काढला, तरी तिकिटाची दुसरी सोय करता येते. थांबा काढला, तर मात्र गावाला काहीच उरत नाही. कोरोनानंतर देशभर अनेक छोट्या स्थानकांवरचे थांबे गेले. त्याची झळ बसली ती पहाटे कॉलेजला निघणाऱ्या मुलांना आणि मिरजेच्या दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना. सकाळ-संध्याकाळची एकेक पॅसेंजर त्यांच्यासाठी किती मोलाची, हे फक्त उत्पन्नाच्या तक्त्यावरून कळणार नाही.

गाडी नसण्याची किंमत कोयनानगरला विचारावी. 1,960 मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचे हे गाव. पण रेल्वे पकडायची तर एसटीने कराडला उतरा, नाहीतर कुंभार्ली घाट ओलांडून चिपळूण गाठा. कराड–चिपळूण रेल्वेमार्गाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे, रूळ मात्र अजून आलेले नाहीत. तो मार्ग होईल तेव्हा कोयना खोऱ्यात निदान एक साधा हॉल्ट असावा, ही मागणी आतापासूनच धरली पाहिजे.

आणि जी स्थानके आहेत, ती जपली पाहिजेत. रेल्वेने शेणोली आणि किर्लोस्करवाडीच्या फलाटांवर त्यांचा इतिहास ठळक मराठीत लिहावा आणि थांबे कायम ठेवावेत. आपणही एकदा एक्स्प्रेस सोडून पॅसेंजरचे तिकीट काढावे आणि इथे उतरावे. ज्या गाडीला प्रवासी असतात, तिचा थांबा काढणे कुणालाही सोपे जात नाही.