जहाजावर चढा, पण भिंतीचं आधी विचारा

परदेशातल्या शाळांच्या सहलींचे रील तुमच्याही फोनवर येत असतील. पोरं आठवडाभर शिडाच्या जहाजावर, मग दुसऱ्या देशात उतरून एखाद्या गरीब गावात शाळेची भिंत बांधायची. गारगोटीत बसून बघताना भारीच वाटतं. पण यातलं जहाज वेगळं आणि भिंत वेगळी.

आधी जहाज. शिडाच्या जहाजावर नुसतं बसून राहता येत नाही. पाळ्या लागतात. मध्यरात्री उठून दोर ओढायचा, सुकाणू धरायचं, सकाळी बटाटे सोलायचे. नवख्याचे हातही तिथं खरोखर लागतात. आपलं नौदल कॅडेट्सना 'तरंगिणी'वर पाठवतं ते यासाठीच. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं हे तीन डोलकाठ्यांचं जहाज १९९७ साली नौदलात आलं आणि २००३-०४ मध्ये पृथ्वीला फेरी मारून आलं. इंजिन असताना शीड कशाला? कारण वारा फिरला की सगळ्यांना एकदम हलावं लागतं. ही शिस्त वर्गात शिकवता येत नाही.

भिंतीचं तसं नाही. विटा भिजवायच्या, ओळंबा धरायचा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, नंतर किमान आठवडाभर पाणी मारायचं. हे गवंड्याचं काम. अकरावीच्या पोराने रचलेली भिंत बहुतेक वेळा गवंड्यालाच नीट करावी लागते. आणि विमानाच्या एका तिकिटाच्या पैशात तिथले गवंडी किती दिवस कामाला लागले असते, हा हिशोब तुम्हीच करा.

मग परदेशातून येऊन बांधकाम करणं फुकटच का? तसंही नाही.

स्वित्झर्लंडचे पियेर सेरेसोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळ, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते, म्हणजे कालचे शत्रू! १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल भारतात आले आणि त्यांनी साथीदारांसोबत घरं उभारायला मदत केली. पुढे त्यांच्याच संघटनेचे देशोदेशींचे स्वयंसेवक वरोऱ्याजवळ बाबा आमटेंच्या आनंदवनात बांधकामाला आले. कुष्ठरोगाच्या भीतीने तेव्हा आसपासचे लोक आनंदवनातली भाजी विकत घेत नव्हते. हे पाहुणे तिथंच राहिले, तिथलंच जेवले. ते बघून लोकांची भीती ओसरू लागली. माझ्या मते त्या पाहुण्यांचं खरं काम विटांचं नव्हतंच, ताटाचं होतं. ते काम बाहेरच्यांनीच करण्यासारखं होतं.

आपल्याकडे जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं, ते शिक्षण आणि खेड्याचं काम एकमेकांपासून तुटू नये म्हणून. तेव्हा श्रमदान आपल्याला कुणी रीलमधून शिकवायला नको. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात तुम्ही पाट्या उचलल्या असतील, तर बिगाऱ्याचं काम काय असतं ते माहीत आहे.

अशा परदेशी सहलीचा फॉर्म हातात आला तर सरळ विचारा: साइटवर गवंडी कोण आहे? त्याची मजुरी कोण देतं? आम्ही निघाल्यावर भिंतीला पाणी कोण मारणार? "सगळं तुम्हीच बांधणार" असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका. आणि ओढ फक्त समुद्राची असेल, तर एनसीसीच्या नेव्हल विंगची चौकशी करा. वल्ही मारणं आणि शीड हाताळणं दोन्ही शिकवतात. पासपोर्टही लागत नाही.