क्लस्टर चालवणारा प्रोग्राम

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम आणि तो चालायला लागणाऱ्या सगळ्या फाइली यांचा एकत्र बांधलेला संच. न्हावा शेवाच्या बंदरात क्रेनला पेटीत तांदूळ आहे की यंत्रांचे भाग, हे कळावे लागत नाही. पेटीचे माप ठरलेले असले की पुरते. कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरचेही तसेच असते. डॉकर या साधनामुळे २०१३ पासून ही पद्धत घरोघरच्या प्रोग्रामरपर्यंत पोचली. पण कंटेनर शेकड्यांनी वाढले की कुठला कोणत्या मशीनवर चालवायचा, बंद पडलेला पुन्हा कोण उठवणार, हे प्रश्न उभे राहतात. त्यासाठी गूगलने जून २०१४ मध्ये कुबरनेटिस हे मुक्त सॉफ्टवेअर खुले केले. कुबरनेटिसच्या ताब्यातल्या मशीनच्या समूहाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या एकेका मशीनला नोड.

हा क्लस्टर स्वतः उभारणे कष्टाचे काम असल्याने क्लाउड कंपन्या तो तयार करून देतात. गूगलची ही सेवा २०१५ मध्ये सर्वांसाठी सुरू झाली. अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्याही तशा सेवा आहेत. वेबसाइटवर बटणे दाबून क्लस्टर बनवता येतो, आणि एकच हवा असेल तर ते ठीकच आहे. मात्र रोज चाचणीसाठी नवा क्लस्टर उभारून रात्री मोडायचा असेल, किंवा वीस क्लस्टरांची आवृत्ती तपासायची असेल, तर ते काम प्रोग्रामकडेच द्यावे लागते. पायथन, जावा, गो अशा भाषांसाठी कंपन्या ज्या क्लायंट लायब्ररी देतात, त्या याच कामाच्या. प्रोग्रामरने फंक्शनला हाक मारायची. ती मागणी इंटरनेटवरून ठरलेल्या स्वरूपात पोचवणे, ओळख पटवणे, उत्तर वाचणे हे लायब्ररी बघते.

इथे दोन थर आहेत आणि नवख्यांची गल्लत बहुधा इथेच होते. क्लस्टर बनवणे, नोड वाढवणे, आवृत्ती बदलणे, क्लस्टर मोडणे हा एक थर. क्लाउड कंपनीची लायब्ररी एवढेच करते. त्या क्लस्टरच्या आत कोणते कंटेनर चालवायचे, किती प्रती ठेवायच्या, हा दुसरा थर. त्यासाठी कुबरनेटिसची वेगळी लायब्ररी वापरावी लागते.

मागणी करताना सर्वात आधी जागा सांगावी लागते. गूगलने मुंबईचे केंद्र २०१७ मध्ये सुरू केले. लायब्ररीला त्याची ओळख ‘एशिया-साउथ१’ अशी द्यायची. त्याआधी गूगलच्या भारतीय ग्राहकाला सिंगापूरसारखे परदेशातले केंद्र निवडावे लागे. कर्जत तालुक्यातल्या कळंबमध्ये मोबाइल उघडणाऱ्याची प्रत्येक मागणी तेव्हा समुद्राखालच्या केबलमधून हजारो किलोमीटर जाऊन परतायची. आता ती मुंबईतूनच परतू शकते.

मुंबई केंद्राचे तीन विभाग आहेत. क्लस्टर एकाच विभागात ठेवता येतो, किंवा तिन्हींत पसरता येतो. पसरला तर एक विभाग बंद पडला तरी काम चालू राहते. मात्र पसरलेल्या क्लस्टरला नोडांची संख्या दर विभागामागे मोजली जाते. तीन लिहिले तर नऊ मशीन उभी राहतात आणि बिलही नऊचे येते.

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. ‘क्लस्टर बनव’ असे सांगताच लायब्ररी क्षणात उत्तर देते, पण ते उत्तर क्लस्टर नव्हे. ती कामाची नोंद असते: काम स्वीकारले, त्याचा क्रमांक हा. प्रत्यक्ष मशीन मिळवून त्यांना जोडायला काही मिनिटे लागतात. नीट लिहिलेला प्रोग्राम तो क्रमांक जपतो, थोड्या थोड्या वेळाने नोंदीची स्थिती विचारतो आणि काम पूर्ण झाल्याचे कळल्यावरच पुढे जातो. ‘पूर्ण’ म्हणजे ‘यशस्वी’ असेही नाही. त्याच नोंदीत चूक लिहिलेली असू शकते, ती वाचावी लागते. आणखी एक अडचण अशी की मागणी पोचली पण उत्तर येण्याआधीच नेटवर्क तुटले, तर प्रोग्रामला काहीच कळत नाही. म्हणून आधी त्या नावाचा क्लस्टर आहे का, हे विचारून मगच बनवण्याची सवय चांगली. तरीही तीच मागणी दुसऱ्यांदा गेली, तर ‘हे नाव आधीच वापरात आहे’ असे उत्तर येते आणि दुप्पट खर्च टळतो.

प्रोग्रामच्या हातात यंत्रे देण्याची गरज किती खरी आहे, हे मुंबईच्या हॉटस्टार या व्हिडिओ सेवेने दाखवले. १० जुलै २०१९ रोजी विश्वचषकाच्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्यात एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षक जोडलेले होते. प्रेक्षक इतक्या झपाट्याने वाढत की क्लाउडची तयार स्वयंचलित वाढ त्या वेगाला पुरी पडत नसे. म्हणून तिथल्या अभियंत्यांनी स्वतःचे साधन लिहिले: जोडलेल्या प्रेक्षकांचा आकडा एकेक टप्पा ओलांडू लागला की मशीन आधीच वाढवून ठेवायची. धोनी बाद झाल्यावर उलटे घडले. लाखो लोकांनी व्हिडिओ सोडला आणि मागे जाताना सगळे एकदम मुख्य पानावर धडकले. प्रेक्षक घटत असतानाही मुख्य पानाचे सर्व्हर वाढलेले ठेवावे लागतात, हे केवळ प्रोसेसरचा भार मोजणाऱ्या यंत्रणेला आधी कळणे शक्य नव्हते. तेव्हाची यंत्रे अ‍ॅमेझॉनची होती. पुढे कंपनीने कुबरनेटिसचा आधार घेतला आणि १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ५.९ कोटी प्रेक्षकांचा भार पेलला.

एवढी सत्ता देताना परवानगी मोजूनमापून द्यावी. क्लस्टरांची यादी वाचणाऱ्या प्रोग्रामला ते मोडण्याचा अधिकार असता कामा नये. क्लाउडमध्ये प्रोग्रामसाठी वेगळे सेवा-खाते काढता येते आणि त्याला नेमकी भूमिका देता येते. त्या खात्याची गुप्त किल्ली कोडमध्ये लिहून ठेवणे हा गंभीर धोका आहे. कोड चुकून सार्वजनिक झाला की ती किल्ली परक्यांच्या हाती पडते.

आवृत्ती बदलताना क्रम पाळावा लागतो: आधी क्लस्टरचा नियंत्रक भाग, मग नोड. नोडची आवृत्ती नियंत्रकापेक्षा नवी चालत नाही. क्लस्टर मोडतानाही एक खबरदारी घ्यावी लागते. कंटेनरांनी डेटा साठवण्यासाठी घेतलेल्या कायमस्वरूपी डिस्क क्लस्टरबरोबर आपोआप जात नाहीत. क्लस्टर यादीतून नाहीसा होतो, पण त्या डिस्कचे भाडे दर महिन्याला लागत राहते. म्हणून मोडणाऱ्या प्रोग्राममध्ये उरलेल्या डिस्क शोधून, त्यांतला डेटा खरोखरच नको असल्याची खात्री करून, त्या वेगळ्या काढून टाकण्याचे काम लिहावे लागते.