चार वर्षांच्या पदवीचा हिशेब

कम्प्युटर सायन्स शिकायला अमेरिकेत गेलेल्या मुलीच्या पहिल्याच वेळापत्रकात अमेरिकेचा इतिहास आणि निबंधलेखन दिसले, की पुण्या-नाशिकचे पालक बुचकळ्यात पडतात. आपल्याकडे परवापर्यंत बारावीनंतर शाखा ठरली की बाकीचे विषय सुटत. तिथे मात्र पदवीचा सुमारे तिसरा हिस्सा सर्व शाखांना सामाईक असतो. त्याला ‘जनरल एज्युकेशन’ म्हणतात.

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत हा गाभा ४२ क्रेडिटचा आहे. त्यात अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था, संवादकौशल्य आणि विज्ञान यांना प्रत्येकी ६, गणिताला ३ आणि बाकीचे कला, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र अशा विषयांना. संपूर्ण पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात.

घोळ होतो तो इथेच. विद्यार्थी व्हिसासाठी सेमिस्टरला १२ क्रेडिट घेतले की विद्यार्थी ‘पूर्णवेळ’ ठरतो. पण आठ सेमिस्टरचे १२ प्रमाणे ९६ च होतात! उरलेल्या २४ क्रेडिटसाठी त्याच गतीने आणखी एक वर्ष जाते. फी आणि राहण्याचा खर्च वेगळा. सरासरी १५ घेतले तरच चार वर्षांत पदवी हाती येते. हवाई विद्यापीठाने ‘फिफ्टीन टू फिनिश’ ही मोहीम काढली ती यासाठीच. अनेक विद्यापीठांत १२ ते १८ क्रेडिटची फी सारखीच असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा अडथळा विषयांच्या साखळीचा. कॅल्क्युलसचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि काही विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. असा एक विषय हुकला तर वर्ष लांबू शकते. म्हणून साखळीतले विषय आधी मांडावेत आणि जनरल एज्युकेशनचे विषय त्यांच्याभोवती, प्रत्येक सेमिस्टरला एक-दोन, असे विखरावेत. जड प्रयोगशाळेच्या सेमिस्टरला इतिहासाची सोबत झेपते. मुख्य विषयासाठी लागणारे गणित बहुधा जनरल एज्युकेशनमध्येही धरले जाते. तिथे तीन क्रेडिट वाचतात. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात एखादा विषय करता येतो, पण तो आपले विद्यापीठ मान्य करील याची लेखी खात्री आधी घ्यावी.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतही आता मुख्य विषयाबाहेरचे क्रेडिट आले आहेत. मूल कुठेही शिकत असो, पहिल्याच महिन्यात त्याच्यासोबत बसून आठही सेमिस्टरचा तक्ता कागदावर मांडा, आणि तो सल्लागार प्राध्यापकांकडून तपासून घ्या.