जोयड्याचा पाऊस आणि समुद्राचे मोजमाप

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याला समुद्रकिनारा नाही. गोव्याच्या सीमेस लागून सह्याद्रीच्या माथ्यावर पसरलेला हा मुलूख दाट अरण्याचा, विरळ वस्तीचा आणि अतोनात पावसाचा आहे. दिग्गीच्या परिसरात उगम पावणारी काळी नदी याच तालुक्यातून वाट काढीत, सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून, कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. नदी समुद्राला मिळते, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याआधी समुद्र वाफेच्या रूपाने जोयड्याच्या डोंगरावर चढून आलेला असतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. हा समुद्र किती तापला आहे, त्यावरून वारा कोणत्या वेगाने येत आहे, हे वेळीच कळले तर डोंगरावर काय होणार याचा अदमास बांधता येतो. आणि ते कळून घेण्याचे काम इतके अवाढव्य आहे की, कोणत्याही एका राष्ट्राला ते झेपण्यासारखे नाही.

हा अदमास जोयड्याला का हवा, हे सुप्याच्या धरणावरून समजावे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर जुने सुपे गाव वसलेले होते. तालुक्याचे ठाणेही तेच. १९८७ साली पूर्ण झालेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणाने ते गाव पाण्याखाली घेतले, कचेऱ्या जोयड्यास गेल्या आणि विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगरला नवा संसार मांडला. आज सुपे, नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा येथील वीजगृहे याच नदीच्या पाण्यावर चालतात. सुप्याचा जलाशय इतका विस्तीर्ण आहे की, तो एका पावसाळ्यात भरेलच अशी खात्री नसते. उलट खाली घाटउताराला असलेले कद्र्याचे धरण लहान. भोवतालच्या डोंगरांवर दोन दिवस मुसळधार पाऊस कोसळला की दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते उघडावे लागले आणि कद्रा, मल्लापूरच्या बाजूस नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. धरण आधीपासून रिकामे ठेवावे, तर पाऊस न झाल्यास वीज बुडते. भरलेले ठेवावे, तर अतिवृष्टीत खालच्या गावांवर संकट येते. या दोहोंतून वाट काढण्यास पूर्वसूचना हवी. हंगाम कसा जाईल याची सूचना दोन महिने आधी आणि ढगफुटीसारख्या पावसाची निदान दोन दिवस आधी.

ही सूचना डोंगरावर उभे राहून आकाश न्याहाळल्याने मिळत नाही. जोयड्यावर पाऊस आणणारा वारा फार दूरचा प्रवासी आहे. दक्षिण गोलार्धात मस्करीन बेटांच्या आसपास निघून तो विषुववृत्त ओलांडतो, केनियाच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे वळतो, सोमालियाजवळ झोत धरतो आणि सारा अरबी समुद्र पार करून सह्याद्रीवर जवळजवळ काटकोनात आदळतो. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या या झोताचा शोधही गमतीदार रीतीने लागला. १९६६ साली पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, जुलै महिन्यात दक्षिण भारतावरून एक वेगवान पश्चिमी झोत वाहतो. तीन वर्षांनी, १९६९ साली, ब्रिटिश हवामानखात्यातील फिंडलेटर यांनी पूर्व आफ्रिकेतील नोंदींच्या आधारे त्याच झोताचे उगमाकडील टोक जगापुढे मांडले. म्हणजे नदीचे मुख एकाने पाहावे, उगम दुसऱ्याने, आणि मग दोघांनाही कळावे की ही एकच नदी आहे! पुढे त्या झोतास फिंडलेटर यांचेच नाव पडले. मुख पाहणाऱ्या दोघांचे नाव मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही. ज्यांच्या माथ्यावर हा झोत दरवर्षी येऊन आदळतो, त्या सह्याद्रीच्या लोकांनी तरी ते विसरू नये.

पण केनियात आणि भारतात निरीक्षणे झाली तरी मधल्या अडीच-तीन हजार किलोमीटरांच्या पाण्यावर काय घडते, हे कोणी पाहावयाचे? पन्नासच्या दशकापर्यंत जगातील मोठ्या महासागरांत हिंदी महासागर हा सर्वांत कमी अभ्यासलेला होता. व्यापारी जहाजे ठराविक मार्गाने जात आणि जाताजाता वाऱ्याची नोंद करीत, एवढेच. ही उणीव भरून काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आखण्यात आली. १९५७ साली स्थापन झालेल्या महासागर-संशोधनाच्या शास्त्रीय समितीने तिची कल्पना मांडली आणि युनेस्कोच्या आंतरशासकीय आयोगाने पुढे तिचा भार उचलला. १९६५ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत डझनाहून अधिक राष्ट्रांची चाळीसच्या आसपास जहाजे या महासागरात फिरली. शीतयुद्ध ऐन भरात होते. तरी सोव्हिएत रशियाचे ‘वित्याझ’ आणि अमेरिकेची जहाजे एकाच आराखड्याखाली पाणी मोजत होती. भारतीय नौदलाची ‘किस्तना’ आणि पाकिस्तानी नौदलाची ‘झुल्फिकार’ या दोन्ही नौका या कामावर होत्या, आणि मोहीम संपली त्याच वर्षी दोन्ही देशांत युद्ध पेटले. अमेरिकेचे ‘आंतोन ब्रून’ हे जहाज तर पूर्वी राष्ट्राध्यक्षांची विहारनौका होते. ट्रूमन यांनी ज्यावर सुटीचे दिवस घालविले, त्याच नौकेच्या फलाटावरून पुढे जाळी सोडून समुद्रातील सूक्ष्म जीव गोळा केले गेले. राजवैभवाच्या वस्तूचे याहून चांगले भाग्य क्वचितच उजळले असेल.

या मोहिमेची हवामानविषयक बाजू मुंबईतून सांभाळली जात होती. १९६३ साली कुलाब्यास आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले आणि हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज तेथे काम पाहू लागले. मोसमी वाऱ्यात शिरून मोजमाप करणारी अमेरिकी संशोधन-विमाने त्या वर्षी मुंबईहून उडत. जुलै १९६३ मधील उड्डाणांनी एक अनपेक्षित गोष्ट उजेडात आणली. पश्चिम किनाऱ्याजवळ असे एक चक्री अभिसरण आढळले की ज्याचा जोर समुद्रसपाटीवर जवळजवळ जाणवतच नव्हता, तर तो जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवर एकवटला होता. खालच्या वायुभारमापकाला ज्याची चाहूल नाही, असे हे वादळ उत्तर कोकण आणि गुजरातेत धो धो पाऊस पाडू शकते. मिलर आणि केशवमूर्ती या अमेरिकी-भारतीय जोडीने त्याचे सविस्तर वर्णन १९६८ साली प्रसिद्ध केले. केवळ किनाऱ्यावरील वेधशाळांच्या भरवशावर राहिले असते, तर हे गूढ किती काळ गूढच राहिले असते, कोणास ठाऊक. मोहिमेचे भारताला लाभलेले स्थायी फळ म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिचे मुख्य ठाणे आज गोव्यात दोना पावला येथे आहे.

जहाजाची एक मर्यादा मात्र उघड होती. जहाज आज जेथे आहे तेथे ते उद्या नसते, आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात ते नेणेच कठीण. समुद्राचे तापमान तर सतत मोजले पाहिजे, तेही केवळ पृष्ठभागाचे नव्हे. समुद्राच्या वरच्या अवघ्या तीनेक मीटर पाण्यात साऱ्या वातावरणाइतकी उष्णता साठविण्याची शक्ती असते. वरचे ऊन पाणी पातळ थराचे आहे की जाड, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. कारण पातळ असेल तर वाऱ्याने घुसळताच खालचे गार पाणी वर येते आणि ढगांचे इंधन तुटते.

या गरजेतून ‘आर्गो’ योजना निघाली. माणसाच्या उंचीचे, नळकांड्यासारखे एक यंत्र समुद्रात सोडून द्यावयाचे. ते हजार मीटर खोलीवर जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहते. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते आणि तेथून वर येताना प्रत्येक थराचे तापमान व खारटपणा टिपून घेते. पृष्ठभागावर येताच उपग्रहाकडे ती नोंद धाडते आणि पुन्हा खाली जाते. त्यात पंखा नाही की सुकाणू नाही. पोटातील तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की यंत्राचे आकारमान वाढून ते वर येते, तेल आत घेतले की बुडते. काही वर्षांनी विजेचा साठा संपतो आणि ते कायमचे मुके होते. म्हणून नवी यंत्रे सोडीत राहणे क्रमप्राप्त असते. नोव्हेंबर २००७ मध्ये जगभरातील अशा यंत्रांची संख्या ३,००० झाली. तीसहून अधिक देशांनी ती सोडलेली आहेत, आणि कोणत्याही देशाच्या यंत्राची नोंद चोवीस तासांच्या आत जगातील कोणालाही विनामूल्य पाहता येते. भारताच्या वतीने हे काम हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र करते. हिंदी महासागरातील नोंदी पारखून घेण्याचे दायित्वही त्याजकडे आहे.

अशा मोजमापांतून जे हाती आले, त्याचा एक मासला जोयड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मे महिन्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यापासून लक्षद्वीपपर्यंतचा समुद्र ३० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो, आणि मोसमी पावसाला वर्दी देणारा पहिला भोवरा पुष्कळदा याच भागात उठतो. नेमका येथेच समुद्र एवढा का तापावा? १९९९ साली गोव्याच्या संस्थेतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी याची उकल मांडली. नद्यांचे पाणी मिसळून सौम्य झालेले बंगालच्या उपसागरातील पाणी हिवाळ्यात किनाऱ्याने दक्षिणेस येते, श्रीलंकेला वळसा घालते आणि अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात पसरते. कमी खारट म्हणून हलके, आणि हलके म्हणून ते वरच राहते. खालच्या खारट पाण्यात सहजी मिसळत नाही. चैत्र-वैशाखाचे ऊन मग या पातळ थरालाच तापवीत बसते. जोयड्यातील कुणबी ज्या पहिल्या सरीची वाट पाहत नांगर सज्ज करून ठेवतो, त्या सरीत गंगा-गोदावरीच्या पाण्याचाही दूरान्वयाने वाटा असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

सहकार्याचा हा व्यवहार निर्वेध चाललेला आहे, असे मात्र नाही. सोमाली चाच्यांच्या उपद्रवामुळे पश्चिम हिंदी महासागरात संशोधन-जहाजे जाईनाशी झाली आणि फिंडलेटर-झोताच्या अगदी तोंडाशीच आर्गो यंत्रांचा तुटवडा पडला. २०११ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या नौदलांनी ती सोडण्यास हातभार लावला, तेव्हा कोठे खिंडार थोडेफार बुजले. भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया आदी राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागरात नांगरलेल्या बोयांची जी रांग आखली, तिलाही या चाचेगिरीची झळ बसली. शिवाय बोयांच्या सावलीत मासे जमतात म्हणून मासेमारी नौका त्यांनाच दोर बांधतात आणि उपकरणे मोडतात. प्रशांत महासागरात तर याहून लाजिरवाणा प्रकार घडला. एल निन्योची चाहूल देणाऱ्या तेथील बोयांची निगा राखणारे अमेरिकी जहाज २०१२ साली काटकसरीपायी सेवेतून काढले गेले, आणि दोन वर्षांत तेथून येणारी माहिती निम्म्याहूनही खाली घसरली. एल निन्योचा आणि भारतातील पावसाचा संबंध सर्वश्रुत आहे. एका देशाच्या अंदाजपत्रकातील कात्री दुसऱ्या देशातील धरणाच्या हिशेबापर्यंत पोहोचते, ती अशी. हे जाणून भारतानेही आपला वाटा वाढविला आहे. पहिल्या मोहिमेनंतर अर्धशतकाने, ४ डिसेंबर २०१५ रोजी, दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेचा प्रारंभ गोव्यात झाला आणि ‘सागर निधी’ हे भारतीय जहाज मॉरिशसच्या दिशेने निघाले.

समुद्रावरील या साऱ्या नोंदी शेवटी संगणकातील गणिताला पुरविल्या जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून मान्सून अभियानात अमेरिकी प्रारूप स्वीकारून त्यावर संस्कार केले. हंगामाचे भाकीत त्यातून निघते. अल्प मुदतीच्या अंदाजासाठी मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेले नवे भारतीय प्रारूप पृथ्वीचे सहा-सहा किलोमीटरांचे चौकोन पाडते. जोयड्यासारख्या मुलखात सहा किलोमीटरांत एक घाट, दोन दऱ्या आणि एक ओढा येऊन जातो. वाऱ्याकडील उतारावर कोसळणारा पाऊस पाठीमागच्या उतारावर अर्ध्यावर येतो. समुद्रावर तीन हजार किलोमीटर पाठलाग केलेला ढग शेवटच्या पन्नास किलोमीटरांत असा हातातून निसटतो. तेथे आर्गो यंत्र उपयोगी पडत नाही. तेथे पर्जन्यमापक हवे, रडार हवे, आणि ते रोज पाहणारी माणसे हवीत. कॅसल रॉकसारख्या घाटमाथ्यावरील रेल्वेठाण्याचा पाऊस मोजलेला आहे, कारण तेथून गाडी जाते. जेथून गाडी जात नाही अशा अरण्यातल्या दऱ्यांचे काय? जिल्हानिहाय दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यात किनाऱ्यावरचे कारवार, घाटमाथ्यावरचे जोयडा आणि त्याहून कितीतरी कमी पावसाचे हल्याळ ही तिन्ही एकाच रंगाने रंगविली जातात, आणि कद्र्याच्या खालच्या गावात राहणारा माणूस तो रंग पाहून सामान माळ्यावर चढवावे की नाही, हे स्वतःच्याच अनुभवाने ठरवितो.