काळी खूण आणि लाल दिवा

‘इस्त्री लावली की मीटर पळतं,’ असं घरोघरी म्हणत, तेव्हा ते खरोखर पळताना दिसायचं. जिन्याखाली लाकडी फळीवर काळा डबा, काचेआड अॅल्युमिनियमची आडवी चकती आणि तिच्या कडेवर एक काळी खूण. नुसता दिवा चालू असला, तर ती खूण समोर यायची बराच वेळ वाट पाहावी लागे.

या चकतीला वीज आणणारी एकही तार नसते. तिच्या वर बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांची गुंडाळी, ती व्होल्टेजची. खाली जाड तारेचे मोजकेच वेढे. घरात येणारा सगळा प्रवाह त्यांतूनच जातो. दोन्ही चुंबकक्षेत्रं चकतीत भोवरी प्रवाह उठवतात आणि तिला ढकलतात. हा जोर व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. पंख्याच्या मोटरीत प्रवाह व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो. त्याची वजावटही आपोआप होते. कडेचा कायमचुंबक ब्रेकचं काम करतो. चकती जितकी जोरात फिरेल, तितकं तो तिला अडवतो, म्हणून वेग वापराच्या प्रमाणातच राहतो. दातेरी चाकं फेऱ्यांचे युनिट करतात. हिशेबाचं इतकं चोख यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याआधी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे लोक ग्राहकांच्या मीटरमधल्या जस्ताच्या पट्ट्या काढून नेत आणि वजनातल्या फरकावरून बिल करत. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ओटो ब्लाथीने १८८९ मध्ये चकतीच्या मीटरचं पेटंट घेतलं, आणि पुढची शंभर वर्षं त्याच तत्त्वाची झाली.

आता चकती गेली. इलेक्ट्रॉनिक मीटरमधली चिप सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज आणि प्रवाह मोजते, गुणते, बेरीज करत जाते. काळ्या खुणेच्या जागी लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर ‘३२०० इम्प’ छापलं असेल, तर ३२०० लुकलुकींचा एक युनिट. अशा मीटरवर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ला त्याने भागा. येतील तेवढे वॅट त्या क्षणी घर ओढतंय. पंधरा सेकंद लागले, तर ७५ वॅट, म्हणजे एक साधा पंखा. छापील आकडा वेगळा असेल, तर ३६ लाखांना त्याने भागून ११२५च्या जागी घ्या.

बिल जास्त वाटलं तर तक्रारीआधी एवढं करा: घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, आणि दिव्याकडे दहा मिनिटं पाहा. तरीही तो लुकलुकत राहिला, तर वायरमनला बोलावून वायरिंग तपासून घ्या.