अमृतांजन पुलापासून पुढे

बोरघाटातला तो दगडी पूल इंग्रजांनी १८३० साली बांधला. पण लोकांच्या तोंडी तो राहिला ‘अमृतांजन पूल’ म्हणून, आणि तेही तिथल्या जाहिरातीच्या फलकामुळे. टाळेबंदीत रस्ता मोकळा मिळाला तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, सुरुंग लावून तो पाडण्यात आला. जागेचं नाव मात्र गेलं नाही. खंडाळ्याच्या तोंडाशी आजही माणसं ‘अमृतांजन पॉइंट’च म्हणतात. डोकेदुखीवरच्या मलमाचं नाव एखाद्या घाटाला इतकं घट्ट चिकटावं, यावरून ते मलम किती घरांत होतं हे कळतं, आणि डोकं किती घरांत दुखत होतं हेही.

काशीनाथुनी नागेश्वर राव या आंध्रातल्या गृहस्थांनी १८९३ साली मुंबईत हा पिवळा बाम तयार केला. गाण्याच्या मैफलींत ते त्याच्या डब्या फुकट वाटत, असं सांगतात. पुढे कारखाना मद्रासला गेला, पण बाम इकडच्या फडताळांत राहिला. त्याला नुसतं मनाचं समाधान म्हणून उडवून लावू नये. कपाळाला पुदिन्याचा अर्क लावल्यास ताणामुळे होणाऱ्या साध्या डोकेदुखीत पॅरासिटामॉलच्या तोडीचा आराम मिळतो, असं जर्मनीतल्या १९९६ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. बामाने त्या दिवसाचं दुखणं हलकं होतं. महिन्यातून चारदा परत येणारं दुखणं कोणतं, हे बाम सांगू शकत नाही.

घाटमाथ्यावरच्या मावळात बामाच्या आधीही उपाय होतेच. सुंठ उगाळून कपाळावर लेप, डोक्याला फडकं करकचून बांधणं, अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडणं. आषाढात भातलावणीला चिखलात वाकलेल्या बाया डोकं ठणकत असतानाही आवण हातावेगळं करतात. घरी आल्यावर उलटी होते, मग जरा बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात, ‘पित्त झालंय.’

या ‘पित्ता’पाशी मला थांबावंसं वाटतं, कारण आपल्याकडे योग्य उपचार सगळ्यात जास्त इथेच अडतात. डोकं ठणकतं, बहुधा एका बाजूने. मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसे होतात, जिना चढला तरी दुखणं वाढतं, आणि काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत ते चालतं. हे वर्णन अर्धशिशीचं, म्हणजे मायग्रेनचं आहे. उलटी हे तिचं लक्षण आहे, कारण नव्हे. पण उलटीनंतर आराम पडतो म्हणून पोटालाच दोष मिळतो आणि वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या चालू राहतात. कुणाला ‘सायनस आहे’ म्हणून सांगतात, कुणाचा चष्म्याचा नंबर दोनदा बदलतो. सायनसची डोकेदुखी म्हणून सांगितलं जाणारं बरंचसं दुखणं तपासाअंती मायग्रेनच निघतं, कारण मायग्रेनमध्येही नाक वाहतं आणि गालफडं दुखतात. उपवास, ऊन, जागरण, घाटातली वळणं, पाळीचे दिवस यांनी अर्धशिशी उठते. ज्या बाईचं डोकं दर एकादशीला दुखतं तिला पित्ताची गोळी देण्याआधी एवढं तरी विचारावं, की आईचंही असंच दुखायचं का? हा आजार बहुतेकदा घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो, आणि बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. कर्नाटकात झालेल्या मोठ्या पाहणीत दर चार प्रौढांमागे एकाला वर्षभरात मायग्रेन झालेलं आढळलं.

बामानंतर गोळी आली. अॅनासिन, सॅरिडॉन ही नावं रेडिओच्या जाहिरातींतून घराघरांत पोचली, मग एसटी स्टँडवरच्या टपरीवरही सुटी गोळी मिळू लागली. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधी मिश्रणांवर बंदी घातली तेव्हा यादीत सॅरिडॉनही होती. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विक्रीला परवानगी दिली. चर्चा बंदीची झाली. खरा धोका मात्र तेव्हाही फार थोड्यांनी बोलून दाखवला, तो म्हणजे गोळीनेच डोकं दुखतं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफीन-एर्गोटामिन असलेलं मिश्रण महिन्यातून १० दिवस घेतलं, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर अधूनमधून दुखणारं डोकं रोज दुखू लागू शकतं. मग आणखी गोळी, आणि त्यापायी आणखी दुखणं. गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये ठेवूनच घराबाहेर पडणारी माणसं पुणे-लोणावळा लोकलच्या प्रत्येक डब्यात सापडतील. गोळी सोडवणं हाच त्यांच्या उपचाराचा पहिला भाग असतो. ती सोडताना सुरुवातीचे दिवस दुखणं वाढतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं.

आपण बाम आणि गोळीपाशी थांबलो तेव्हा वैद्यकशास्त्र पुढे चाललं होतं. १९१८ मध्ये एर्गोटामिन वेगळं काढलं गेलं आणि पुढल्या काही वर्षांत ते मायग्रेनसाठी वापरात आलं. १९६६ मध्ये छातीतल्या दुखण्यासाठी प्रोप्रानोलॉल घेणाऱ्या रुग्णाचं मायग्रेन कमी झाल्याचं लक्षात आलं, आणि झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचं औषध हाती लागलं. १९८८ मध्ये डोकेदुखीच्या प्रकारांचं पहिलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आलं. १९९१ मध्ये झटका आल्यावर घ्यायचं सुमाट्रिप्टान हे औषध आलं. झटक्याच्या वेळी मज्जातंतूंतून ‘सीजीआरपी’ नावाचं द्रव्य सुटतं हे कळल्यावर त्याला अडवणारं पहिलं इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते महाग आहे, ते सोडून देऊ. पण प्रोप्रानोलॉल, अॅमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझिन ही जुनी, स्वस्त औषधं आहेत, आणि मावळातल्या बहुतेकांना तीच पुरेशी पडतील. ती निवडताना डॉक्टरांना सगळं सांगायला हवं. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट हे दुसरं प्रतिबंधक औषध देणं टाळतात. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसत असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल विचारून घ्यावं.

औषधांच्या जोडीला आपल्याकडे योगाचंही नाव निघतं. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम उभारलं. योगाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायचे आणि ‘योग मीमांसा’ त्रैमासिकात छापायचे, ही त्यांची शिस्त होती. तीच कसोटी डोकेदुखीलाही लागली. दिल्लीच्या एम्समध्ये ११४ मायग्रेन रुग्णांवर तीन महिने केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषधासोबत योग करणाऱ्यांचे दुखण्याचे दिवस नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा पुष्कळच घटले. त्यातला ‘औषधासोबत’ हा शब्द योगशिक्षकांनी आणि डॉक्टरांनी सारख्याच आदराने वाचावा. औषध सोडून योग केला तर काय होतं, हे त्या प्रयोगाने तपासलेलं नाही.

मायग्रेनचं निदान यंत्राने होत नाही. ते डॉक्टरांनी नीट ऐकून होतं. एमआरआयचा खर्च बहुतेकांना लागतच नाही. लागते एक वही: कोणत्या तारखेला दुखलं, किती तास, उलटी झाली का, आदल्या दिवशी काय झालं होतं, गोळ्या किती घेतल्या. दोन महिन्यांची अशी नोंद घेऊन तळेगाव किंवा पुण्यातल्या डॉक्टरांकडे गेलात, तर अर्धं काम आधीच झालेलं असेल. प्रतिबंधक औषध सुरू केलं की दोन-तीन महिने थांबावं लागतं. आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे कायम पहिल्या पायरीवरच राहतात.

काही दुखणी मात्र वहीची वाट पाहत नाहीत. क्षणात विजेसारखं उसळलेलं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, बोलणं अडखळणं किंवा हातपाय लुळे पडणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, दृष्टी जाणं, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर बाम लावत बसू नका. त्याच दिवशी, आणि पहिल्या चारांत त्याच तासाला, रुग्णालय गाठा.